अंगणात लिंडन लावायचंय? झाड ओळखण्यापासून वाढवण्यापर्यंत, नवीन घर घेतलेल्यांसाठी

शिकागोच्या आसपास, नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्ग वगैरे भागात घर घेतलं की पहिल्याच उन्हाळ्यात बऱ्याच मराठी मंडळींना हा प्रश्न पडतो. जूनच्या शेवटी संध्याकाळी फिरायला निघालं की मधाचा गोड वास येतो, आजूबाजूला बघावं तर डोळ्यात भरेल असं एकही फूल नाही, मग हा वास येतोय कुठून? मान वर करून बघा, बहुतेक वेळा डोक्यावर लिंडनचं झाड असतं आणि त्याची फिकट पिवळी बारीक फुलं पानांच्या खाली लपून लटकत असतात. आपल्याकडचा सोनचाफा किंवा बकुळ इथल्या थंडीत बाहेर जगत नाही, त्यामुळे ज्याला दारात वासाचं मोठं झाड हवंय त्याच्यासाठी इथे लिंडनइतकं चांगलं झाड मला तरी दुसरं सुचत नाही. सावली दाट, आकार छान, थंडीला घट्ट, आणि फुलोऱ्यात मधमाश्यांची नुसती झुंबड.

मी हे सगळं इलिनॉयच्या हिशोबाने लिहितोय, पण न्यू जर्सी, मिशिगन, ओहायो, टोरांटोकडच्या लोकांनाही बहुतेक लागू पडेल, जर्मनीत असाल तर ओळखण्याचा भाग जसाच्या तसा वापरा. (बर्लिनमध्ये तर हे शोधावंही लागणार नाही, ऊंटर डेन लिंडन या रस्त्यावर १६४७ पासून ही झाडं लावायची परंपरा आहे.) एकच गोष्ट आधी सांगून ठेवतो. लिंडनच्या बाबतीत लोक दोन जागा कधीच बघत नाहीत, एक म्हणजे पानाची मागची बाजू आणि दुसरी म्हणजे खोड जिथे मातीत शिरतं ती जागा. पहिलीवरून कळतं झाड कुठलं आहे, दुसरीवरून कळतं ते टिकणार की नाही.

पायरी १: आधी झाड ओळखायला शिका

लिंडन म्हणजे टिलिया. या वंशात साधारण ३० प्रजाती आहेत, सगळ्या उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशातल्या. नर्सरीत अमेरिकन जातीला बासवुड पण म्हणतात आणि इंग्लंडमध्ये याच झाडाला लाइम म्हणतात, त्याचा लिंबाशी काही संबंध नाही, त्यामुळे ब्रिटिश वेबसाइट वाचताना गोंधळू नका. कूळ मात्र आपल्या ओळखीचं आहे, भेंडी, जास्वंद, कापूस ज्या कुळात येतात त्याच माल्व्हेसी कुळात हल्ली लिंडन धरतात.

पान हातात घ्या. पहिल्या नजरेला ते पिंपळाच्या पानाची आठवण करून देतं, फक्त पिंपळाचं लांब शेपूट इथे नाही, टोक छोटं असतं आणि कडा सगळीकडून दातेरी. आता देठाजवळ बघा, पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, एक बाजू देठावर जास्त खाली उतरलेली असते. मधल्या शिरेवर पान दुमडून बघा, दोन्ही अर्धे एकमेकांवर बरोबर बसत नाहीत. हृदयाचा आकार, दातेरी कडा आणि वाकडा तळ, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की जवळजवळ काम झालं.

मग पान उलटं करा, कारण कुठलं लिंडन ते इथे कळतं. मागची बाजू हिरवी-फिकट आणि गुळगुळीत, पण शिरा जिथे फुटतात त्या कोपऱ्यांत तांबूस तपकिरी केसांचे बारीक झुबके असतील आणि पान लहान, म्हणजे ३ ते ८ सेंटिमीटर असेल, तर ते लिटललीफ लिंडन, टिलिया कॉर्डाटा. सबर्बमधल्या रस्त्यांवर आणि पार्किंग लॉटमध्ये सगळ्यात जास्त दिसतं ते हेच, विशेषतः याची ग्रीनस्पायर ही जात. पान चांगलं पंजाएवढं, १० ते २० सेंटिमीटर असेल तर ते अमेरिकन लिंडन, टिलिया अमेरिकाना, हे इथलंच मूळचं झाड आहे, इलिनॉयच्या जंगलात आपोआप उगवतं. मागची बाजू पांढरट आणि हात लावला की मऊ लोकरी वाटत असेल तर ते सिल्व्हर लिंडन, टिलिया टोमेंटोसा. हे एक झाड लांबूनही ओळखता येतं, वारा सुटला की पानं उलटतात आणि अख्खं झाड चंदेरी चमकतं. युरोपात अजून दोन भेटतील, मोठ्या पानांचं टिलिया प्लॅटीफायलॉस, ज्याच्या पानाच्या मागे मऊ लव असते, आणि त्याचा कॉर्डाटाशी झालेला संकर, ज्याच्या बुंध्याशी फुटव्यांचं जंगल माजतं.

फुलं किंवा फळं लागलेली असतील तर मग शंकाच नको. लिंडनच्या फुलांचा झुपका एका लांबट, पातळ, फिकट हिरव्या पट्टीला चिकटलेला असतो, ही पट्टी पानासारखी दिसते पण पान नसते, आणि फुलांचा दांडा त्या पट्टीच्या मधूनच निघतो. दुसऱ्या कुठल्याही ओळखीच्या झाडाला असली रचना नाही. पुढे फुलांच्या जागी वाटाण्याएवढी कडक गोल फळं येतात आणि ऑगस्टनंतर पट्टीसकट सुटून गरगरत खाली येतात, पट्टी पंखाचं काम करते म्हणून फळं जरा लांबवर पडतात. शरद ऋतूत पार्किंगमध्ये या पट्ट्यांचा कचरा पडलेला दिसला तर वर बघायचीही गरज नाही.

हिवाळ्यात पानं नसताना कळ्या बघा. काडी थोडी नागमोडी जाते आणि प्रत्येक वळणावर एक लालसर, गुटगुटीत, एका बाजूला फुगलेली कळी असते, तिच्यावर दोन-तीनच खवले दिसतात. खोडाची साल तरुण झाडाला राखाडी आणि गुळगुळीत, मोठ्या झाडाला उभ्या लांब चपट्या कंगोऱ्यांची.

गोंधळ कशाशी होतो? मुख्यतः तुतीशी. तुतीचं पानही हृदयासारखं आणि दातेरी असतं, पण त्याच झाडावर काही पानं फाटल्यासारखी, दोन-तीन भागांची असतात आणि देठ तोडला की पांढरा चीक येतो, लिंडनला चीक नाही. रेडबडचं पान हृदयाचं पण कड अगदी साधी, दात नाहीत. कटाल्पाचं पान केवढं तरी मोठं, कड साधी, आणि पानं समोरासमोर किंवा तीन-तीनच्या गटात येतात, लिंडनची एकाआड एक येतात, शिवाय कटाल्पाला लांब शेंगा लटकतात.

सराव करायचा असेल तर लाइलच्या मॉर्टन अर्बोरेटमला एखादी सुट्टी द्या. १९२२ साली सुरू झालेली जागा आहे, झाडांवर नावाच्या पाट्या असतात, तिथे लिटललीफ, अमेरिकन आणि सिल्व्हरची पानं उलटी करून बघितलीत की नंतर आपल्या गल्लीतलं झाड ओळखायला वेळ लागत नाही. मुलांना न्या, त्यांना हे पान उलटं करायचं काम फार आवडतं.

पायरी २: कुठलं लिंडन घ्यायचं

याचं उत्तर जागेवर आहे. मागचं अंगण मोठं असेल, तर माझं मत सरळ अमेरिकन लिंडनला. इथलं झाड आहे, इथल्या कीटकांना आणि पक्ष्यांना उपयोगी आहे, पण ते ६० ते ८० फूट सहज जातं, त्यामुळे टाउनहाउसच्या चिमुकल्या पट्टीत याचा विचारही करू नका. त्याची रेडमंड नावाची जात जरा आटोपशीर, पिरॅमिडच्या आकाराची वाढते आणि नर्सरीत मिळते.

समोरच्या अंगणात, नीटनेटका आकार हवा असेल तर लिटललीफ. साधारण ५० ते ६० फूट उंच आणि ३० ते ४० फूट रुंद होतं, लहानपणापासूनच त्याचा आकार छान असतो. पण जपानी बीटलना हे झाड प्रचंड आवडतं, त्याबद्दल खाली लिहिलंय.

सिल्व्हर लिंडन ऊन, कोरडेपणा आणि शहरी जमीन बाकीच्यांपेक्षा जास्त सहन करतं, त्याच्या केसाळ पानांमुळे बीटल आणि मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दोघांचाही त्रास कमी होतो, फुलतं सगळ्यात शेवटी, जुलैमध्ये. एकच गोष्ट माहीत असू द्या, फुलोऱ्याच्या काळात या झाडाखाली मेलेले किंवा गुंगलेले भुंगे (बंबलबी) दिसतात. युरोपात यावर बरीच वर्षं अभ्यास चाललाय. एक समजूत अशी की झाड उशिरा फुलतं, तोवर आजूबाजूची बाकीची फुलं संपलेली असतात आणि उपाशी भुंगे इथे गर्दी करतात. त्यामुळे सिल्व्हर लावणार असाल तर बागेत जुलै-ऑगस्टमध्ये फुलणारी इतर झाडं, कोनफ्लॉवर, बी बाम वगैरे भरपूर लावा.

अजून एक. अख्खी गल्ली लिंडनने भरू नका. इथे पूर्वी रस्त्याकडेला अ‍ॅशच्या रांगाच्या रांगा होत्या, एमराल्ड अ‍ॅश बोरर ही कीड २००२ मध्ये मिशिगनला सापडली, २००६ मध्ये इलिनॉयला पोचली आणि सबर्बच्या सबर्ब उजाड झाले. शेजाऱ्यांकडे आधीच तीन-चार लिंडन असतील तर तुम्ही ओक किंवा हॅकबेरी लावा, वास काय, तो शेजारच्या झाडाचाही येतोच.

पायरी ३: जागा

दिवसाला निदान सहा तास ऊन हवं, जमीन ओलावा धरणारी पण पाणी न तुंबणारी. इथली चिकणमाती, थोडी अल्कलाइन जमीन लिंडनला चालते, हा त्याचा मोठा गुण, ज्या जमिनीत पिन ओकची पानं पिवळी पडतात तिथे लिंडन मजेत असतं. पण बिल्डरने घर बांधताना मशीन फिरवून दगडासारखी दाबलेली जमीन असेल तर तिथे उन्हाळ्यात पानांच्या कडा करपतात.

घरापासून २० ते २५ फूट तरी लांब ठेवा, वरती विजेच्या तारा नकोत. रस्त्याच्या मिठापासून लांब ठेवा, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकतात ते मीठ लिंडनला सोसत नाही, ड्राइव्हवेच्या कडेला जिथे तुम्ही मीठ मिसळलेला बर्फ फावड्याने ढकलता ती जागा तर अजिबात नको. आणि गाडी जिथे रोज उभी राहते त्याच्या डोक्यावर फांद्या येणार असतील तर दुसरी जागा शोधा. मावा लागला की पानांवरून चिकटा गळतो, गाडीच्या काचा चिकट होतात, मग माणूस वैतागतो आणि फवारणीवाल्याला फोन करतो, आणि तिथेच सगळं बिघडतं. पॅटिओ, मुलांचा झोका यांच्यावरही नको, फुलोऱ्यात झाड मधमाश्यांनी घुमत असतं.

फुटपाथ आणि रस्ता यांच्यामधली जी गवताची पट्टी असते ती बहुतेक ठिकाणी गावाच्या ताब्यात असते, तिथे न विचारता झाड लावू नका, व्हिलेजच्या ऑफिसला फोन करा, काही गावं स्वतःहून अर्ध्या खर्चात झाड लावून देतात. एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर त्यांचीही परवानगी काढा. आणि खणायच्या काही दिवस आधी ८११ ला फोन करायचाच, सेवा फुकट आहे, ते येऊन जमिनीखालच्या गॅस, वीज, केबलच्या लाइनवर रंगाच्या खुणा करून जातात.

पायरी ४: रोप विकत घेताना

बी लावून लिंडन करायचं मनात असेल तर विचार सोडा. बियांचं कवच कडक आणि आतली झोप दुहेरी, काही महिने उबेत आणि मग तीनेक महिने थंडीत ठेवावं लागतं, जमिनीत आपोआप पडलेलं बी कित्येकदा दुसऱ्या वसंतात उगवतं. पण जुन्या अमेरिकन लिंडनखाली मे महिन्यात मातीकडे नक्की बघा, नुकत्याच उगवलेल्या रोपाची पहिली दोन पानं हाताच्या पंजासारखी फाटलेली असतात, मोठ्या पानाशी त्यांचं काहीच साम्य नसतं, बघून खरं वाटत नाही की हे त्याच झाडाचं पिल्लू आहे.

नर्सरीत सगळ्यात मोठं झाड घ्यायचा मोह होतो. घेऊ नका. दीड ते दोन इंच जाडीचं खोड पुरे, लहान झाड लवकर रुजतं आणि काही वर्षांत मोठ्याला गाठतं. खोड एकच, सरळ, वरपर्यंत एकच मुख्य शेंडा असलेलं बघा. दोन सारख्या जाडीचे शेंडे बेचक्यासारखे वर गेले असतील तर ते झाड पुढे वादळात तिथेच फाटतं. ग्रीनस्पायरमध्ये अजून एक बघायचं, एकाच उंचीवरून पाच-सहा फांद्या गर्दीने फुटलेल्या असतात, त्यातल्या त्यात मोकळ्या फांद्यांचं झाड निवडा.

आता ती दुसरी जागा, बुंध्याचा पाया. निरोगी झाडाचं खोड मातीला टेकताना रुंद होतं आणि त्यातून मोठी मुळं सगळीकडे फाकतात, याला रूट फ्लेअर म्हणतात. नर्सरीतल्या झाडांमध्ये हा भाग पुष्कळदा मातीखाली दोन-चार इंच, कधी त्याहून जास्त गाडलेला असतो. खोड खांबासारखं सरळ मातीत घुसलेलं दिसलं तर बोटाने माती उकरून बघा, विक्रेता काही म्हणत नाही, म्हणाला तर दुसरीकडे जा. लिंडनमध्ये, त्यातही लिटललीफमध्ये, खोल गाडलेल्या खोडाभोवती मुळं गोल फिरतात आणि पुढे खोडालाच आवळतात. वरून काही कळत नाही, झाड दहा-पंधरा वर्षं बरं दिसतं, मग एका बाजूच्या फांद्या वाळायला लागतात, एखाद्या वाऱ्यात बुंध्यातूनच मोडतं, आणि लोक म्हणतात रोग आला.

पायरी ५: लावणं

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. कडक उन्हाळ्यात नको.

आधी रूट फ्लेअर सापडेपर्यंत मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यावरची जास्तीची माती काढा. मग फ्लेअरपासून गोळ्याच्या तळापर्यंत मोजा आणि खड्डा त्यापेक्षा एक-दोन इंच कमी खोल खणा, जास्त नाही, कारण खालची माती भुसभुशीत केली की झाड नंतर खचतं. रुंदी मात्र गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट हवी. चिकणमातीत फावड्याने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत चकचकीत होतात, त्या ओरबाडून खडबडीत करा, नाहीतर मुळं तिथेच वळतात.

कुंडीतलं झाड असेल तर गोल फिरलेली मुळं कापून टाका, बाहेरचा इंचभर थर करवतीने चारी बाजूंनी उडवला तरी चालतो. इथे आपल्या लोकांचा जीव वरखाली होतो, मुळं कशी कापायची म्हणून, पण बिनधास्त कापा, लिंडन पुन्हा मुळं फोडण्यात तरबेज आहे. गोणपाटात बांधलेलं झाड असेल तर ते एकट्यादुकट्याला हलत नाही, माणसं बोलवा, खड्ड्यात सरळ उभं करा आणि मग दोऱ्या, गोणपाट आणि तारेची जाळी निदान वरच्या अर्ध्या भागाची तरी कापून बाहेर काढा. खोडाभोवतीची दोरी तर राहूच द्यायची नाही.

खणलेलीच माती परत भरा. खत, कंपोस्ट, पीट मॉस खड्ड्यात घालायची गरज नाही, खड्ड्यात गोड माती आणि बाहेर कडक माती असं झालं की मुळं बाहेर पडत नाहीत. अर्धी माती भरली की पाणी सोडा, बसू द्या, मग उरलेली भरा. पायाने तुडवू नका. झालं की उभं राहून बघा, फ्लेअर दिसतोय ना? दिसत नसेल तर झाड आत्ताच उचला, नंतर उचलता येत नाही.

वरून लाकडाच्या चुऱ्याचा तीनेक इंच मल्च, गोल पसरून, पण खोडापासून तीन इंच लांब. इथे लँडस्केपवाले खोडाभोवती मल्चचा डोंगर करतात, आमच्या कोपऱ्यावरच्या लिंडनला तर दर वसंतात नवीन डोंगर चढतो आणि जुना कोणी काढत नाही. साल कायम ओली राहते, कुजते, आणि त्या मल्चमध्येच मुळं फुटून खोडाला गुंडाळतात. तुम्ही पैसे देऊन माणूस लावत असाल तर त्याला आधीच सांगा, खोड मोकळं ठेव.

पायरी ६: पाणी

पहिले दोन उन्हाळे पाणी हेच सगळं काही. हिशोब सोपा आहे, खोडाच्या जाडीच्या प्रत्येक इंचाला एका वेळी एक ते दीड गॅलन, म्हणजे दोन इंची झाडाला दोन-तीन गॅलन. पहिले दोन आठवडे रोज, मग तीनेक महिन्यांचं होईपर्यंत दोन-तीन दिवसांआड, त्यानंतर मुळं बसेपर्यंत आठवड्यातून एकदा. पाऊस झाला तर बोट मातीत दोन-तीन इंच घालून बघा, ओली लागली तर थांबा. लॉनच्या स्प्रिंकलरवर विसंबू नका, त्याचं पाणी गवताच्या मुळांपलीकडे जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये भारतात जाणार असाल, आणि आपण जातोच, तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा किंवा झाडाला गुंडाळायची पाण्याची पिशवी मिळते ती आणून ठेवा, कोणीतरी आठवड्यातून एकदा भरली की झालं. पिशवी हिवाळ्यात काढून ठेवायची.

पायरी ७: पहिली पाच वर्षं

कोवळ्या लिंडनची साल पातळ असते. नोव्हेंबरमध्ये खोडाला फिकट रंगाचा रॅप गुंडाळा, नाहीतर हिवाळ्यातल्या दुपारच्या उन्हाने आणि रात्रीच्या गारठ्याने साल उभी फाटते, एप्रिलमध्ये तो आठवणीने काढा. ससे बर्फावर चढून साल कुरतडतात, त्यासाठी बारीक तारेची जाळी खोडापासून थोडी लांब, बर्फाच्या थराहून उंच लावा. गवत कापायच्या मशीनने खोडाला लागणारे फटके सगळ्यात वाईट, मल्चचं रिंगण असलं की मशीन तिथपर्यंत जातच नाही.

छाटणी पहिल्या वर्षी फक्त मोडलेल्या फांद्यांची. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं यायच्या आधी, मुख्य शेंड्याशी स्पर्धा करणारी फांदी आखूड करा आणि गर्दीतल्या एक-दोन काढा. एका वर्षात थोडंच कापायचं. बुंध्यातून फुटणारे फुटवे दिसले की लगेच, कोवळे असतानाच काढायचे. लिंडन कापल्या जागेवरून जोमाने फुटतं, म्हणूनच त्याचा शेंडा छाटून कधीच बुटकं करू नका, मग वर बारीक कमकुवत फांद्यांची झाडू तयार होते.

पायरी ८: कीड, आणि फवारणीबद्दल हात जोडून विनंती

जूनच्या शेवटी हिरव्या डोक्याचे, तांब्याच्या पंखांचे चकचकीत भुंगेरे पानांवर दिसतील, हे जपानी बीटल. १९१६ मध्ये न्यू जर्सीत पहिल्यांदा सापडले आणि आता देशाच्या पूर्व आणि मध्य भागातल्या बहुतेक राज्यांत पसरलेत. पानाचा हिरवा भाग खाऊन नुसती शिरांची जाळी ठेवतात, वरच्या फांद्या आधी, त्यामुळे लिटललीफ ऑगस्टमध्ये वरून तपकिरी दिसतं. बघून पोटात गोळा येतो, पण निरोगी मोठं झाड यातून मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा पानांनी भरतं. झाड लहान असेल तर सकाळी लवकर जा, गारव्यात बीटल सुस्त असतात, साबणाच्या पाण्याची बादली फांदीखाली धरा आणि फांदीला टिचकी मारा, ते उडण्याऐवजी सरळ खाली पडतात. दुकानात मिळणारे वासाचे सापळे लावू नका, त्यांनी आजूबाजूचे बीटलही तुमच्याच अंगणात येतात.

मावा आला तर पाइपच्या जोरदार पाण्याने पानं धुवा, लेडीबग बाकीचं काम करतात. पानांच्या वरच्या बाजूला लाल-हिरवे बारीक खिळे उभे राहिल्यासारखे दिसले तर ते अतिसूक्ष्म माइट्समुळे आलेल्या गाठी आहेत, झाडाला काही होत नाही, नुसतं बघा आणि सोडून द्या.

आता महत्त्वाचं. जून २०१३ मध्ये ओरेगनमधल्या विल्सनव्हिल गावात एका पार्किंग लॉटमधल्या लिंडनच्या झाडांवर माव्यासाठी डायनोटेफ्युरान हे कीटकनाशक मारलं, झाडं फुलोऱ्यात होती, आणि ५० हजारांहून जास्त बंबलबी, म्हणजे ते केसाळ गुबगुबीत भुंगे, झाडांखाली मरून पडले. शेवटी झाडांना जाळ्या घालाव्या लागल्या. त्यानंतर २०१५ मध्ये ओरेगनने डायनोटेफ्युरान, इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम ही चार औषधं लिंडनवर वापरायला बंदीच घातली. ही औषधं झाडाच्या रसात भिनतात आणि रसातून मधात उतरतात, त्यामुळे मुळाशी ओतलं काय किंवा पानांवर मारलं काय, माशीपर्यंत पोचतंच. तुमच्या राज्यात बंदी नसेल, होम सेंटरच्या फडताळावर इमिडाक्लोप्रिडची बाटली समोरच ठेवलेली असेल, तरी लिंडनला ती घालू नका. चिकट गाडी धुता येते.

फुलांचा चहा

झाड फुलायला लागलं की फुलं वाळवून ठेवा, जर्मनी, फ्रान्समध्ये हा चहा घरोघरी पितात. फुलं उमलून एक-दोन दिवस झालेली हवीत, कोरड्या दिवशी, दव वाळल्यावर, त्या फिकट पट्टीसकट खुडा. सावलीत कापडावर एका थरात पसरायची, तीन-चार दिवसांत कुरकुरीत होतात, मग काचेच्या बरणीत. कपाला चिमूटभर, उकळतं पाणी ओतून झाकण ठेवायचं, पाच-सात मिनिटं. दूध नको, हवा तर मध. रस्त्याकडेच्या किंवा कशाची फवारणी झालीय माहीत नाही अशा झाडाची फुलं घेऊ नका.

आणि भारतात नेऊ का, पुण्याला आईकडे लावायला?

हे विचारणारे बरेच जण असतात. नका नेऊ. लिंडनला लांबलचक थंडी लागते, ती पुण्यात काय, महाबळेश्वरलाही मिळत नाही, आणि परवानगीशिवाय बिया-रोपं विमानातून नेणं नियमातही बसत नाही. त्यापेक्षा तिथे धामण लावायला सांगा. शास्त्रीय नाव ग्रेविया टिलिफोलिया, म्हणजे लिंडनसारख्या पानांचं, आणि खरंच पान उचलून बघितलं तर तोच वाकडा तळ, त्याच दातेरी कडा. फालसा ज्या वंशातला त्याच वंशातलं हे झाड सह्याद्रीच्या पानझडी जंगलात सगळीकडे आहे, बारीक पिवळी फुलं आणि खाण्याजोगी लहान फळं येतात, लाकूड चिवट आणि लवचिक म्हणून कुऱ्हाडी-कुदळीचे दांडे याचे करतात. देशी झाडांची रोपं करणाऱ्या नर्सरीत विचारलं तर मिळतं, पावसाच्या सुरुवातीला लावायचं आणि पहिले दोन उन्हाळे पाणी घालायचं.